टक्के कशाचे? साबेस्पच्या संचालक मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
साबेस्प, साओ पावलो

स.न.वि.वि.

मी तुमची ग्राहक आहे आणि जुलै 2024 पासून भागधारकही. भागधारक अगदी नावापुरती; माझ्या समभागांच्या लाभांशातून महिन्याचं पाणीबिलसुद्धा निघणार नाही. पण भागधारक म्हटल्यावर पत्र लिहायचा हक्क पोचतो, असं मी धरून चालले आहे. पोर्तुगीज प्रत तुमच्याकडे रीतसर पाठवली आहे. ही मराठी प्रत माझ्या माणसांसाठी. (त्यांच्यासाठी: साबेस्प म्हणजे ब्राझीलमधल्या साओ पावलो राज्याची पाणीपुरवठा कंपनी.) 'तिकडे म्हणे सरकारने पाण्याची कंपनी विकली, बरं केलं की वाईट?' असं मला फोनवर सारखं विचारलं जातं आणि उत्तर काही फोनवर मावत नाही.

मी सोलापूर जिल्ह्यातली. आमच्याकडे उन्हाळ्यात दोन आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात: आजचं तापमान आणि उजनीचे टक्के. उजनी धरणाचा एकूण साठा 117 टीएमसी, त्यातला जवळपास 64 टीएमसी मृतसाठा. वरचं उपयुक्त पाणी संपलं की पेपरात मथळा येतो, 'उजनी मायनसमध्ये'. उणे दहा, उणे वीस, उणे तीस. धरणात डोळ्यांना पाणी दिसत असतं, तरी आकडा शून्याखाली. आता जे पितोय ते ठेवणीतलं आहे, हे त्या एका उणे चिन्हावरून जिल्हाभर कळतं. हे तुम्हाला का सांगतेय ते पुढे येईलच.

तुमच्या कागदांवर स्थापना 1973ची लिहिलेली असते. शहराची आठवण त्याहून जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस या गावात मिझेरिकॉर्दिया चौकात एक दगडी नळकोंडाळं उभं राहिलं. ते बांधलं तेबास नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाथरवटाने. गुलामीत जन्मलेला हा माणूस पुढे स्वतंत्र झाला. घागरी घेऊन बायका, गुलाम, पाणके तिथे जमायचे. 1877 मध्ये कांतारेइरा कंपनी आली, पूर्णपणे खासगी. तिने उत्तरेच्या डोंगरातून पाणी आणलं, घरोघर नळ द्यायला सुरुवात केली, आणि नळ आले तसे सार्वजनिक पाणवठे एकेक करून उठले. ज्याला नळाचे पैसे परवडत होते त्याची सोय झाली. ज्याला परवडत नव्हते त्याचा फुकटचा पाणवठाही गेला. तेबासचं कोंडाळंही 1886 मध्ये त्या चौकातून हललं.

ही कंपनी फार काळ टिकली नाही, आणि त्यात तिचा लोभ किती नि शहराची वाढ किती हे वेगळं काढणं अवघड आहे. 1872 मध्ये 31 हजार वस्तीचं गाव 1890 मध्ये 65 हजारांवर गेलं आणि 1900 मध्ये दोन लाख चाळीस हजारांवर. कॉफीचा पैसा आणि इटलीहून बोटी भरून येणारी माणसं, दोन्ही एकदमच आली. कंपनीने बांधायचं ठरवेपर्यंत गाव दुप्पट व्हायचं. 1890च्या दशकाच्या सुरुवातीला राज्य सरकारने ती ताब्यात घेतली आणि पाण्याचं खातं काढलं. म्हणजे खासगीचं सरकारी झालं ते हौसेने नव्हे, नाइलाजाने. 2024 मध्ये तुम्ही सरकारीचं खासगी केलंत तेव्हा भाषणांत हे प्रकरण कुणी काढलं नाही. कंपनीचं जुनं नाव मात्र तुमच्या सगळ्यात मोठ्या धरणमालेला अजून चिकटलेलं आहे.

मधला काळ मी भरभर सांगते, कारण त्यात खरा मालक पाण्याचं खातं नव्हतंच. कॅनडाच्या भांडवलावर चालणारी 'लाइट' नावाची वीज आणि ट्रामची कंपनी शहराच्या नद्यांचं काय करायचं ते ठरवत होती. तिने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ग्वारापिरांगाचं धरण बांधलं ते विजेसाठी. शहराला ते प्यायला मिळालं 1920च्या दशकाच्या अखेरीस. मग बिलिंग्सचा जलाशय झाला. पिन्येइरोस नदी पंप लावून उलटी वाहायला लावली, आणि ते पाणी घाटावरून सातशे मीटरहून जास्त खाली कुबातांवच्या वीजघरात सोडलं. वीज उत्तम मिळाली. पण शहराचं सांडपाणीही त्याच पंपांनी पिण्याच्या पाण्याजवळच्या जलाशयात चढत राहिलं. राज्याच्या 1989च्या घटनेने हा उलटा उपसा थांबवायला सांगितलं तेव्हा कुठे 1992 पासून तो पुराच्या दिवसांपुरता उरला.

इथे एक भूगोल सांगायला हवा, नाहीतर साओ पावलोचं दुखणं कळत नाही. तिएते नदी सालेसोपोलिसजवळ उगमते, समुद्रापासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर, आणि समुद्राकडे पाठ करून अकराशे किलोमीटर आत जाते. शहर वसलंय ते तिच्या अगदी वरच्या टोकाला. उगमाजवळच्या नदीत पाणी असून असून असणार किती? तिथे दोन कोटींची वस्ती झाली. म्हणून दुसऱ्याच्या खोऱ्यातून पाणी आणणं हा या शहराचा स्वभावच बनला.

आता 1973. लष्करी राजवटीने 1971च्या सुमारास 'प्लानासा' ही राष्ट्रीय योजना काढली. कामगारांच्या पगाराच्या 8 टक्के रक्कम मालकांनी ज्या निधीत भरायची, तो निधी गृहनिर्माण बँकेकडे, आणि बँकेचं कर्ज राज्याच्या पाणी कंपनीकडे. अट एकच: नगरपालिकांनी आपलं पाणी राज्याच्या कंपनीच्या हवाली करायचं. ज्या करणार नाहीत त्यांना हा पैसा नाही. शहरातली आणि राज्यातली विखुरलेली पाणीखाती, महामंडळं एकत्र करून तुमची कंपनी झाली. काम झालं, आणि ते नाकारणं कोतेपणाचं होईल. खेड्यांत, किनाऱ्यावर, घाटाखाली नळ गेले. मोठ्या शहराच्या बिलातून छोट्या गावाचा तोटा भरून निघत होता. यालाच इथे 'क्रॉस सबसिडी' म्हणतात. काम्पिनाससारखी काही शहरं मात्र अडून राहिली आणि स्वतःची पाणीखाती सांभाळून बसली. ग्वारुल्योस आणि सांतो आंद्रे तुमच्याकडून ठोक पाणी घेत, त्यांची थकबाकी साचत गेली, आणि 2018-19 मध्ये तीही तुमच्यात आली.

पण प्लानासाने एक शब्द रुजवला: दरातून खर्च निघाला पाहिजे. यात गैर काही नाही, फक्त त्यामुळे 'नागरिक' मागे पडून 'ग्राहक' पुढे आला. ग्राहक व्हायला पत्ता लागतो. पत्त्याला कागद लागतो.

आणि कागदाचं काय झालं पाहा. 1975 आणि 1976 मध्ये राज्याने पाणलोट वाचवण्यासाठी कायदे केले. ग्वारापिरांगा आणि बिलिंग्सभोवती दाट वस्ती नको, मोठे भूखंड, विरळ घरं, बाकी झाडी. हेतू चांगलाच होता. परिणाम असा झाला की तिथे कायदेशीर बांधकाम होत नाही म्हणून जमीन स्वस्त झाली, आणि स्वस्त जमिनीवर लाखो लोक येऊन राहिले. वस्ती बेकायदा, म्हणून मलवाहिनी टाकणंही बेकायदा. म्हणून सांडपाणी थेट पिण्याच्या तलावात. पाणी वाचवायच्या कायद्याने पाण्यात घाण सोडायची सोय केली. 1990-91 च्या सुमारास ग्वारापिरांगा शेवाळाने हिरवागार झाला तेव्हा जागतिक बँकेच्या पैशाने कार्यक्रम निघाला, आणि 1997 मध्ये नवा कायदा आला. मधली वीस वर्षं तुमच्या नकाशावर ही माणसं नव्हतीच.

नव्हतीच म्हणजे अक्षरशः नव्हती. तुमच्या अहवालांत वर्षानुवर्षं एक शब्दप्रयोग येतो: 'आरेआ आतेंदीव्हेल', सेवा देण्याजोगा भाग. टक्केवारी काढायची ती या भागातल्या घरांची. ज्या वस्तीला पाणी देता येत नाही तिला देण्याजोगं धरायचंच नाही, मग शंभरातल्या शंभरांना पाणी मिळणारच. आमच्या शाळेत एक गुरुजी होते, नापास होण्याजोग्या मुलांचे अर्ज ते बोर्डाकडे पाठवतच नसत. निकाल नेहमी शंभर टक्के.

तिएतेबद्दल मी थोडक्यात लिहिणार होते, पण राहवत नाही. 1990 मध्ये या गटारगंगेत एक मगर दिसली आणि शहराला अचानक आपली नदी आठवली. एका रेडिओ केंद्राने आणि 'एसओएस माता आत्लांतिका' या संस्थेने बारा लाख सह्या गोळा केल्या. 1992 मध्ये तिएते प्रकल्प सुरू झाला, कर्ज आंतर-अमेरिकी विकास बँकेचं, काम तुमचं. सांडपाणी शुद्धीकरणाची मोठी केंद्रं झाली, मुख्य मलवाहिन्या झाल्या. प्रकल्प अजून चालूच आहे. आमच्या इमारतीचा पहारेकरी तेव्हा शाळेत होता, आता आजोबा आहे. पण मला यातली एक गोष्ट फार आवडते. नदीचा मेलेला पट्टा किती लांब आहे हे दरवर्षी तुम्ही नाही, ती संस्था मोजते, स्वयंसेवकांच्या हातून. सुरुवातीला 530 किलोमीटर. 2014 मध्ये 71. मग पुन्हा वाढत 2023 मध्ये 160 आणि 2024 मध्ये 207. हा आकडा तुमच्या 'इतकी घरं जोडली, इतके टक्के शुद्धीकरण' या आकड्यांशी भांडतो. तुमचे टक्के चढत असताना नदीचे किलोमीटरही चढू शकतात, हे बाहेरच्या माणसाने फूटपट्टी धरली म्हणूनच कळलं.

आणि मग 2014.

कांतारेइरा धरणमाला ही या शहराची उजनी. 1970च्या दशकात बांधलेली. पाणी मुख्यतः पिरासिकाबा खोऱ्यातलं, म्हणजे काम्पिनासच्या बाजूचं: सेकंदाला 33 हजार लिटर काढायची मुभा, त्यातले 31 हजार त्या खोऱ्याचे. धरणाखालून धरण, बोगदे, आणि शेवटी सांता इनेसच्या उपसा केंद्रात ते पाणी 120 मीटर वर उचलायचं. दुष्काळापूर्वी जवळपास 90 लाख माणसं यावर जगत होती. 2013-14चा पावसाळा (इथला पावसाळा ऑक्टोबर ते मार्च) कोरडा गेला. मेच्या मध्यावर उपयुक्त साठा आठ-साडेआठ टक्क्यांवर आला, आणि तुम्ही तरंगते पंप लावून मृतसाठा उपसायला घेतला.

त्यावर माझी तक्रार नाही. तहान लागली तर तळातलं प्यावंच लागतं. आम्ही उजनीचं पितोच. माझा आक्षेप पाटीवरच्या आकड्याला आहे. पंप सुरू झाले त्या दिवशी आकडा आठावरून एकदम सव्वीस टक्क्यांच्या पुढे गेला. पाऊस पडला नव्हता. मृतसाठ्याचे 182.5 अब्ज लिटर वरच्या अंकात मिळवले, खालचा भाजक मात्र जुनाच ठेवला, फक्त उपयुक्त साठ्याचा. वर्षाच्या उत्तरार्धात दुसरा हप्ता आला, 105 अब्ज लिटरचा, आणि टक्के पुन्हा उडी मारून वर. जूनमध्ये या शहरात फुटबॉल विश्वचषकाचं उद्घाटन होतं, ऑक्टोबरमध्ये राज्यपालपदाची निवडणूक. 'रासिओनामेंतो', म्हणजे पाणीकपात, हा शब्द अधिकृत तोंडांतून निघत नव्हता. फलकावर शून्याच्या वरचा आकडा होता ना.

न्यायालयाच्या दट्ट्यानंतर 2015च्या एप्रिलमध्ये तुम्ही तीन आकडे छापायला लागलात. एकाच दिवसाचं, तेच पाणी: एका हिशोबाने वीस टक्के, दुसऱ्याने साडेपंधरा, आणि तिसऱ्याने उणे नऊ. तिसरा आकडा पाहिला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. नऊ महिने हे शहर मायनसमध्ये होतं आणि ते सांगायला कोर्ट लागलं. कांतारेइरा मृतसाठ्यातून वर आली ती 2015च्या डिसेंबरअखेरीस.

त्या काळात रात्री नळांचा दाब कमी केला जात होता. कारण तांत्रिकदृष्ट्या खरं आहे: दाब उतरवला की फुटक्या जोडांतून गळती कमी होते, पाणी वाचतं. पण दाब कमी झाला की पाणी चढावरच्या आणि वाहिनीच्या शेवटच्या घरांपर्यंत पोचत नाही. चढावर आणि टोकाला कोण राहतं हे साओ पावलोत सांगावं लागत नाही. आमच्यासारख्यांच्या इमारतीला मोठी टाकी, ती दिवसा भरते, रात्रीचा दाब गेला काय नि राहिला काय, कळतही नाही. मला त्या दोन वर्षांत एक दिवसही कोरडा नळ दिसला नाही, आणि या पत्रातला माझा आवाज त्यामुळे जरा खालचा असायला हवा, याची मला जाणीव आहे. टाकी नसलेल्या घराला संध्याकाळी कामावरून परतल्यावर काय मिळत होतं, त्याचा आकडा कुठल्याच पाटीवर नव्हता. शिवाय मोठ्या ग्राहकांशी ठरावीक किमान वापराचे सवलतीचे करार होते, जास्त वापर म्हणजे कमी दर. सामान्य घराला मात्र आधी बचतीचं बक्षीस आणि 2015 पासून जादा वापराचा दंड. 2015च्या जानेवारीत तुमच्याच एका संचालकांनी पाच दिवस पाणी बंद, दोन दिवस सुरू, अशी वेळ येऊ शकते असं सांगून टाकलं. मला ते भले गृहस्थ वाटले.

हे सगळं सरकारी मालकीत झालं, हे विसरू नये. अर्धवट म्हणा हवं तर: 2002 पासून तुमचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारातही होते, राज्याकडे पन्नास टक्क्यांहून किंचित जास्त. आणि 2014 मध्येच इतू शहरात, जिथे पाणी खासगी कंपनीकडे होतं, लोक टँकरमागे धावत होते. म्हणून 'खासगी की सरकारी' या भांडणात मला कुणाची बाजू घेऊन ओरडायचं नाही. माझ्या फोनवाल्यांना हे उत्तर मिळमिळीत वाटतं. असो.

विक्रीचे तपशील तुम्हाला माझ्यापेक्षा माहीत आहेत. मराठी वाचकांसाठी दोन ओळी. 2020च्या राष्ट्रीय कायद्याने 2033 पर्यंत 99 टक्के लोकांना पाणी आणि 90 टक्के लोकांना मलनिस्सारण हे लक्ष्य घातलं. डिसेंबर 2023 मध्ये विधानसभेने विक्रीला मंजुरी दिली, 62 विरुद्ध 1 मतांनी. प्रेक्षक सज्जात पोलिसांची झटापट झाली होती आणि विरोधक सभागृहातच नव्हते. जुलै 2024 मध्ये राज्याने 32 टक्के हिस्सा समभागाला 67 रेआल (इथलं चलन) भावाने विकला, सुमारे 14.8 अब्ज रेआल. त्यातले 15 टक्के एका वीज वितरण कंपनीने घेतले. मुख्य भागधारक व्हायला बोली तिची एकटीचीच होती. राज्याकडे उरले 18 टक्के. घरगुती दर 1 टक्का उतरला, गरिबांचा 10. करार 2060 पर्यंतचा, 371 नगरपालिकांचा, आणि लक्ष्य गाठायचं वर्ष 2033 वरून 2029 वर ओढलं. पुन्हा एक वीज कंपनी पाण्याच्या उंबऱ्याशी आणि पुन्हा खासगी कंपनी घरात, असं माझ्या मनात आलं खरं. पण ते तेवढ्यावर सोडते.

नव्या करारात एक खरोखर चांगली गोष्ट आहे आणि तिच्यासाठीच मी समभाग घेतले. कागद नसलेल्या, पण पक्क्या वसलेल्या वस्त्या आणि ग्रामीण घरं आता लक्ष्यात धरायची आहेत. 1877 पासून पहिल्यांदाच भाजक मोठा झाला आहे. आणि म्हणूनच तो हळूच लहान करण्याचा मोहही मोठा असणार. 'पक्की वसलेली' कुठली हे कोण ठरवणार? यंदा धोक्याच्या उतारावर म्हणून वगळलेली वस्ती 2029 नंतर तिथेच उभी असेल, तिचं काय? 2025च्या ऑगस्टपासून धरणं पुन्हा उतरली आणि नियामकाच्या सांगण्यावरून रात्रीचा दाब पुन्हा कमी झाला, तेव्हा चढावरच्या घरांचा दाब कुणी मोजून ठेवला का?

तर माझी मागणी. दरवर्षीच्या अहवालात प्रत्येक टक्क्याखाली दोन संख्या छापा: किती घरं मोजली, आणि त्याच नगरपालिकेत किती घरं मोजलीच नाहीत. वगळलेल्या वस्त्यांची नावं आणि वगळण्याचं कारण. दाब कमी कराल त्या रात्रींचा, प्रत्येक दाबक्षेत्रातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात लांबच्या नळावर मोजलेला दाब, वस्तीनिहाय. मोजणी तुमच्या नव्हे, बाहेरच्या माणसांकडून, तिएतेसारखी. धरणांचा आकडा तुम्ही रोज सकाळी जाहीर करता, मी रोज बघते. कांतारेइरा परत कधी शून्याखाली गेली, तर त्याच जागी, त्याच अक्षरात, पहिल्याच दिवशी उणे चिन्ह. कोर्टाची वाट न बघता.

2029 मध्ये 99 टक्के जाहीर कराल तेव्हा खाली किती घरं होती, ती संख्या मला आज हवी आहे. तारीख घालून, सही करून. वार्षिक सभेत बोलायला दोन मिनिटं मिळाली तर एवढंच मागणार आहे.

कळावे,
आपली,
एक ग्राहक आणि चिमूटभर भागधारक
साओ पावलो

ता. क. तुमच्या नावाचा शेवट इथे सगळे 'साबेस्पी' असा करतात. माझ्या आईने तो फोनवर 'साबेस्पीण' असा ऐकला. पाणी देणारी म्हणजे बाईच असणार, असं तिचं म्हणणं पडलं.